गुनवोरची गाळणी

गुनवोरने सिवर्टच्या कानाची पाळी चिमटीत धरली, सुईने टोचली आणि वर आलेला रक्ताचा थेंब यंत्राच्या पट्टीवर टिपून घेतला. ट्रेडमिल नुकती थांबली होती. चाकांच्या स्कीवर तसाच उभा राहून सिवर्ट धापा टाकत होता आणि त्याच्या हनुवटीवरून घाम टपटप खाली पडत होता.

"कान उरलाय का अजून, की संपवलास?" त्याने विचारलं.

"दुसरा आहे की."

"तो लग्नासाठी राखून ठेवलाय."

ती हसली आणि तिने त्याच्या हातात रायफल दिली. गोळ्या नव्हत्या तिच्यात. चाचणीचा हा शेवटचा भाग गुनवोरनेच कित्येक वर्षांपूर्वी बसवला होता. माणसाला आधी पार पिळून काढायचं आणि लगेच भिंतीवरच्या काळ्या ठिपक्यावर नेम धरायला लावायचा. बायथलॉन म्हणजे शेवटी एवढंच असतं. जीव जाईस्तोवर बर्फावरून पळायचं आणि मग एका क्षणात, जणू काही पळालोच नव्हतो, असं स्थिर व्हायचं. हे माणसाच्या शरीराला कसं जमतं आणि कसं जमवता येईल, यातच तिची सत्तावीस वर्षं गेली होती.

रायफलची नळी आधी श्वासाबरोबर वरखाली झाली, मग मंदावली, मग थांबली. गुनवोर सवयीने पडद्याकडे बघत होती. नाडी उतरत होती. एकशे अठ्ठ्याऐंशी, एकशे ऐंशी, एकशे एकाहत्तर. त्यानंतर आकडा आला तो दोनशे चौतीस. पाच-सहा सेकंद तो तिथेच लुकलुकत राहिला आणि मग काही झालंच नाही अशा थाटात एकशे साठवर आला.

"पट्टा," ती म्हणाली. "थुंकी लावली नव्हतीस का?"

"लावली होती की," सिवर्ट म्हणाला. त्याची पाठ अजून तिच्याकडेच होती.

छातीच्या पट्ट्याला थुंकी लावणं हा या धंद्यातला पहिला धडा. थंडीत हवा कोरडी, पट्टा कोरडा, वरून जाकीट वाऱ्याने फडफडतं. मग पट्टा नाडी सोडून भलतंच काहीतरी मोजतो आणि दोनशे तीस, दोनशे चाळीस असले आकडे दाखवतो. या खोऱ्यातल्या दहा वर्षांच्या पोरालाही हे ठाऊक असतं. आकडा वेडा झाला की पट्ट्यावर थुंकायचं आणि पुढे निघायचं. त्याच्याकडे दुसऱ्यांदा कुणी बघत नाही.

गुनवोरने तर तो आकडा दिसायचाच बंद केला होता. नाडीने एका क्षणात अशक्य उडी मारली, तर तेवढा तुकडा कापून टाकायचा आणि दोन्हीकडची टोकं जोडून द्यायची, असा एक प्रोग्रॅम तिने तरुणपणी लिहिला होता. त्यावरच तिला डॉक्टरेट मिळाली, त्यावरच ही प्रयोगशाळा आणि ही खुर्ची. आता देशाचा संघ, अकरा क्लब आणि स्कीच्या शाळा तो वापरत होत्या, आणि सगळे त्याला 'गुनवोरची गाळणी' म्हणत. पन्नाशीला पोरांनी तिला फीत बांधून खरीखुरी चहाची गाळणी भेट दिली होती. गाळून आलेली रेषा दिसायला फार सुरेख असायची.

पण आत्ता पट्ट्यातून घाम निथळत होता. खोलीत वारा नव्हता. सिवर्टच्या अंगावर जाकीटच काय, बनियनसुद्धा नव्हतं, आणि तो हलत नव्हता. 

"तुला काही जाणवलं का?"

"काय जाणवायचंय?"

"आत्ता. नेम धरताना."

"काही नाही." तो जरा जास्तच चटकन बोलला आणि खाली वाकून स्की सोडायला लागला. "तीन वाजता बर्फावर सहा फेऱ्या आहेत. उशीर झाला तर आर्नस्टाइन सोलून काढेल मला."

आर्नस्टाइन म्हणजे प्रशिक्षक. सिवर्ट टॉवेल गळ्यात टाकून गेलासुद्धा. गुनवोरने त्याला तिथेच थांबवायला हवं होतं. पण कशासाठी थांबवते आहे, ते तिला अजून स्वतःशीही बोलायचं नव्हतं.

तिने दार लावून घेतलं आणि कच्च्या फाइली उघडल्या. न गाळलेल्या नोंदी तिने कधी फेकल्या नव्हत्या, पण उघडून बघितल्यालाही वर्षं लोटली होती. डब्यातल्या पावावरचं तपकिरी चीज तसंच राहिलं, कॉफी थंड झाली. सिवर्टचे चार हिवाळे तिने पडद्याच्या डावीकडे मांडले. उजवीकडे नेमबाजीच्या मैदानावरच्या यंत्राने टिपलेल्या वेळा मांडल्या. नेम धरायला तो कधी चटईवर आडवा झाला, पहिली गोळी कधी, पाचवी कधी.

पहिली उडी उतारावरची निघाली. वारा, जाकीट. तिचा जीव भांड्यात पडला. दुसरीही उतारावरची. तिसरी चटईवरची होती. चौथीही. मग ती भराभर खाली गेली आणि मग फार सावकाश पुन्हा वर आली. एकंदर एकतीस उड्या होत्या, त्यांतल्या सव्वीस चटईवरच्या. पोटावर झोपून श्वास रोखलेल्या माणसाचं जाकीट कशाने फडफडणार? पहिल्या हिवाळ्यात असलं काही नव्हतंच. दुसऱ्यात चार, तिसऱ्यात नऊ, या वर्षी आताच तेरा, आणि अजून तर धड हिवाळा लागला नव्हता. सुरुवातीला तीन-चार सेकंद टिकायच्या. गेल्या आठवड्यातली बारा सेकंदांची होती.

जोरात पळणारं शरीर अचानक थांबवलं की हृदयाची लय कशी सुटू शकते, यावर ती दर वर्षी विद्यार्थ्यांना तास घेत असे. बारा सेकंदांची वीस झाली तर काय होतं, तेही शिकवत असे.

आणि मग तिला आणखी एक भीती वाटली. ती स्वतःच्या नावाची होती. गाळणी चुकली, तर तिच्यावर उभारलेलं सगळंच गेलं. शोधनिबंध गेले, खुर्ची गेली, परदेशांतून येणारी आमंत्रणं गेली. प्रोग्रॅममधली एकच ओळ गुपचूप बदलली तर? सिवर्टला म्हणायचं, तुझं रक्त ठीक नाही, महिनाभर आराम कर, डॉक्टरकडे जाऊन ये. कुणाला काही कळणार नव्हतं. तिने ती ओळ शोधून पडद्यावर आणलीसुद्धा. तिथे बोट थबकलं असताना तिची नजर घड्याळाकडे गेली आणि तिला स्वतःची किळस आली. तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

ती खोलीतल्या चपला घालूनच धावत सुटली.

गेल्या हिवाळ्यातला बर्फ उन्हाळाभर भुशाखाली झाकून ठेवायचा आणि ऑक्टोबर संपता संपता पसरायचा, अशी इथली रीत. त्यामुळे सगळं रान अजून तपकिरी असताना मधून दोन किलोमीटरची एक पांढरी वाट जात होती. दिवे लागले होते. नेमबाजीच्या मैदानाच्या कडेला आर्नस्टाइन दुर्बिणीला डोळा लावून उभा होता.

"त्याला थांबव," गुनवोर म्हणाली.

"हे काय, चपला?"

"सिवर्टला थांबव, आर्नस्टाइन."

"पाचवी फेरी चालू आहे. एक राहिली. छान पळतोय आज."

तिने धापा टाकत सांगितलं. दोनशे चौतीस, सव्वीस वेळा, चटईवर. त्याने दुर्बिणीवरून डोळा काढला नाही.

"पट्टा खोटं बोलतो, हे मला कुणी शिकवलं? तू. भर सभेत शिकवलंस. पार बर्गेन शहरातून माणसं आली होती."

"चुकीचं शिकवलं."

आता त्याने डोळा काढला. "शनिवारी निवड आहे, गुनवोर. पोरगा दोन वर्षं या शनिवारची वाट बघतोय. पट्टा बदल, सोमवारी बघू."

"सोमवारी तो नसला तर?"

आर्नस्टाइन काही बोलणार, तेवढ्यात झाडीतून सिवर्ट आला. काठ्या टाकल्या, रायफल पाठीवरून ओढली आणि तो चटईवर आडवा झाला. गुनवोरच्या तोंडातून त्याचं नाव निघता निघता राहिलं. भरलेली रायफल हातात असलेल्या माणसाला हाक मारायची नाही, त्याला हात लावायचा नाही, त्याच्या पुढे जायचं नाही. इथे मुलं चालायला शिकतात तेव्हा हेही शिकतात. ती त्याच्या टाचांमागे दोन पावलांवर उभी राहिली. पाच गोळ्या होईपर्यंत तिला काहीही करता येणार नव्हतं.

पहिली. नेम लागला, काळं लक्ष्य पांढरं झालं. दुसरी. पांढरं. तिसरी. पांढरं.

आणि मग काही नाही.

सिवर्टचा हा थांबा सगळ्यांना माहीत होता. शर्यतीचं वर्णन करणारे लोक त्यावर फिदा होते. काय संयम आहे, म्हणायचे, घाई म्हणून कशी ती नाही. गुनवोरनेही एका निबंधात त्याचं कौतुक केलं होतं, त्याचं नाव न घेता. आता ती त्याच्या पाठीकडे बघत मनात सेकंद मोजत होती. चार. सहा. पाठ हलत नव्हती. नऊ. पायही हलत नव्हते. आपण हा नियम मोडावा आणि त्याच्यावर झेप घ्यावी, की तेवढ्या दचक्यानेच ते हृदय कायमचं बिघडेल, हेही तिला कळेना. बारा. तेरा. तिने डोळे मिटून घेतले.

चौथी गोळी वाजली. लगेच पाचवी.

"पाच," आर्नस्टाइन सवयीने बोलून गेला. त्याचा आवाज बसला होता.

सिवर्ट उठला, रायफल पाठीवर घेतली आणि निघणार, तर गुनवोरचा पाय त्याच्या स्कीवर होता.

"काय गं? फेरी राहिलीय."

"चौथ्या गोळीच्या आधी काय झालं?"

"काही नाही. नेम जुळवत होतो."

"सिवर्ट, मी कच्च्या फाइली बघून आलेय." तिला वाटलं होतं हे बोलणं अवघड जाईल. तेच सगळ्यात सोपं गेलं. "पट्टा खोटं बोलत नव्हता. पट्टा सगळं सांगत होता, मी पुसत होते. सव्वीस वेळा पुसलंय मी."

तो आधी तिच्याकडे आणि मग आर्नस्टाइनकडे बघत राहिला, हे दोघं मिळून आपली चेष्टा करतायत की काय, असा.

"इथे कोंबडी फडफडते," शेवटी तो म्हणाला आणि त्याने हातमोजा छातीवर ठेवला. "कुणीतरी पाय धरून उलटी टांगल्यासारखी. मी हलत नाही मग. थोड्या वेळाने गप्प होते."

"कधीपासून?"

"हा तिसरा हिवाळा."

"मग बोलला का नाहीस रे?"

"बोलणार होतो. पहिल्यांदा झालं त्या दिवशी घरी गेलो आणि तुझी रेषा उघडून बघितली. म्हटलं, आधी दिसू दे तरी, मग सांगू. रेषा मस्त होती, लोण्यासारखी. पुढच्या वेळीही बघितली. दर वेळी बघितली, गुनवोर. काहीच नसायचं." त्याने नाक पुसलं. "मग म्हटलं, हे छातीतलं नाही, डोक्यातलं आहे. गाळणीत दिसत नाही म्हणजे झालेलंच नाही. टरकतोस तू सिवर्ट, म्हटलं, दुसरं काही नाही. त्या बाईकडे जात होतो मंगळवारी मंगळवारी, मानसतज्ज्ञ. दीड वर्ष. भीतीशी मैत्री कर म्हणायची."

गुनवोरला त्याच्याकडे बघवेना. आर्नस्टाइन बुटाने बर्फ उकरत होता. सगळ्या संघासमोर याच पोराला त्याने वसंतात 'ससा' म्हटलं होतं, आणि ते नाव चिकटलंही होतं.

"म्हणजे ते खरंच होतं?" सिवर्टने विचारलं.

"खरं होतं."

"म्हणजे मी भित्रा नाही?"

"नाही. कधीच नव्हतास."

त्याचा चेहरा उजळला. अगदी उघड, लहान मुलासारखा. शनिवारची शर्यत गेली, कदाचित सगळ्याच शर्यती गेल्या, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. या खोऱ्यात वाढलेल्या पोराला ते सांगावं लागत नाही. तरीही तो हसत होता. इतका वेळ आकड्यांची जेवढी भीती वाटली नव्हती, तेवढी गुनवोरला त्या हसण्याची वाटली.

आर्नस्टाइन पुढे आला. खेळाडूच्या रायफलला प्रशिक्षक हात लावत नाही, पण त्याने ती सिवर्टच्या पाठीवरून स्वतः उतरवून घेतली, उघडली, रिकामी असल्याचं दोनदा बघितलं आणि खांद्याला लावली. "चल, बस त्या बाकावर," तो म्हणाला. "जाकीट घाल आधी. घाल म्हणतो ना."

गुनवोरने संघाच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी दोनच प्रश्न विचारले. शुद्धीवर आहे का, आणि चक्कर आली होती का.

"मग गाडीत बसव आणि थेट इस्पितळात घेऊन ये. मी सांगून ठेवतो इथे. पळवायचं नाही, जिनासुद्धा चढू द्यायचा नाही. वाटेत काही झालं तर गाडी बाजूला घे, छाती दाबायला लाग आणि मदत बोलाव. येतं ना तुला?"

"येतं," ती म्हणाली. तेही ती शिकवत असे.

गाडीपाशी आर्नस्टाइनने सिवर्टच्या बाजूचं दार धरून ठेवलं. सिवर्ट आत बसल्यावर त्याने त्याच्या मांडीवर स्वतःचा कॉफीचा थर्मास ठेवला आणि मग काढून घेतला. "नको. कॉफी नको तुला," तो पुटपुटला. मग गाडीला वळसा घालून गुनवोरकडे आला आणि हळू आवाजात त्याने विचारलं,

"बाकीची पोरं?"

"सगळ्यांना फोन कर. अकराच्या अकरा क्लबांना, शाळांनाही. गाळणी बंद करा म्हणावं, आणि चटईवर ज्यांचे आकडे उडालेत त्यांना उद्या स्कीवर घालू नका."

"काय म्हणून सांगू? कुणी सांगितलं म्हणू?"

"मी सांगितलं म्हण. चूक माझी आहे म्हणून सांग."

"तुला कळतंय ना तू काय बोलतेयस?"

"कळतंय," ती म्हणाली आणि तिने गाडी चालू केली.

रस्ता नदीच्या काठाने खाली जात होता. इस्पितळ सव्वा तासावर होतं. चार वाजले नव्हते, पण उजेड सरत आला होता. सिवर्टने सीट मागे केली आणि पाय लांब केले. ताशी ऐंशीची मुभा असलेल्या रस्त्यावर गुनवोर साठनेच चालली होती. मागून येणाऱ्या लाकडाच्या ट्रकने दोनदा दिवे मारले आणि तो पुढे निघून गेला.

"चालत गेलो असतो तर लवकर पोचलो असतो," सिवर्ट म्हणाला.

"गप बस. नाही, बोलत राहा. काहीतरी बोल."

"काय बोलू?"

"काहीही. उद्या काय खाणार ते सांग."

"तू घाबरलीयस का?"

"हो."

"त्या बाईचा नंबर देतो तुला. मंगळवार रिकामा झालाय तिचा." तो स्वतःच्याच विनोदावर हसला. मग जांभई देत म्हणाला, "मी जरा पडतो, गुनवोर. छातीकडे कान लावून झोपायची सवय लागली होती. आज नाही लावत. तू आहेस ना."

ती नको म्हणायच्या आत त्याने डोळे मिटले होते. वळणावर त्याचं डोकं खिडकीकडे कललं आणि तिथेच राहिलं.

तिने त्याच्याकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं, पुन्हा त्याच्याकडे बघितलं. जाकीट जाड होतं. छाती हलते आहे की नाही, ते कळत नव्हतं. तिने कान दिले, पण काचेवर गरम हवा मारणाऱ्या पंख्याच्या घरघरीत दुसरं काही ऐकू येईना. तिने पंखा बंद केला.

आधी काहीच नव्हतं. मग तिला त्याचा श्वास ऐकू आला. गाढ झोपेतला, संथ, बेफिकीर. ती पुढच्या श्वासाची वाट बघत राहिली, आणि तो आला की त्याच्या पुढच्याची. समोरची काच कडेकडेने धुरकटत चालली होती. तिने ती बाहीने पुसली, पुन्हा धुरकटली, पुन्हा पुसली. चाळीस किलोमीटर राहिले होते. थंडी वाजत होती आणि पुसलेल्या काचेतून रस्ता जेमतेम वीतभर दिसत होता, तरी तिने पंखा लावला नाही.